बेल अँड सेबॅस्टियनचे पहिले दोन अल्बम, आणि बेळगावात तसं रेकॉर्डिंग करायचं तर?

तिसरं_गेट
ग्लासगोच्या बेल अँड सेबॅस्टियन या बँडवर इथे धागा दिसला नाही, म्हणून काढतोय. माझं मत आधीच सांगतो. १९९६ सालचे त्यांचे दोन अल्बम, जूनमधला ‘टायगरमिल्क’ आणि नोव्हेंबरमधला ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’, हेच खरे. पुढचं सगळं जास्त स्वच्छ, जास्त खर्चिक आणि कमी जिवंत. टायगरमिल्क तीन दिवसांत झाला, १००० तबकड्या निघाल्या, बस्स. गिटार, चेलो, ट्रंपेट, ऑर्गन, सगळे एका खोलीत गोल करून बसलेत असं ऐकू येतं.

आता प्रश्न. सहा जणांचा गट आहे: गिटार, बेस, ड्रम्स, हार्मोनियम, व्हायोलिन, ट्रंपेट. हार्मोनियमवालाच कीबोर्ड वाजवतो, गिटारवाला गातो. गाणी मराठी आणि कन्नड, पहिल्या खेपेला चारच. बजेट बेताचं. स्टुडिओ नको, टिळकवाडी-शहापूरकडे एखादा हॉल दोन दिवस भाड्याने घेऊन एकत्र वाजवायचं असा विचार आहे. जमेल काय?

मलप्रभा
“स्टुडिओ नको, हॉल हवा” म्हणायलात, खरं ते दोन्ही अल्बम ग्लासगोच्या काव्हा स्टुडिओत झालेत. गंमत अशी की तो स्टुडिओ म्हणजेच एक जुनं चर्च. उंच छत, मोठी खोली आणि शेजारी कंट्रोल रूम. म्हणजे त्यांना हॉल आणि स्टुडिओ एकाच भाड्यात मिळाला.

तीन दिवसांचंही तसंच आहे. टायगरमिल्क काढला तो इलेक्ट्रिक हनी या लेबलने. हे लेबल स्टो कॉलेजच्या संगीत-व्यवसाय अभ्यासक्रमाचं, अ‍ॅलन रँकिन यांच्या हाताखालचं. विद्यार्थी दरवर्षी एखाद्या बँडचं सिंगल काढायचे. या बँडकडे इतकी गाणी तयार होती की सिंगलऐवजी अख्खा अल्बम झाला. बँडचा गायक-गीतकार स्टुअर्ट मर्डॉक त्याआधी काही वर्षं दीर्घ थकव्याच्या आजाराने घरात अडकलेला होता आणि गाणी साठत गेली होती. रेकॉर्डिंगला तीन दिवस लागले कारण लिहायला वर्षं लागली होती. तीन दिवस ही पद्धत नव्हे.

कुंदा_जिंदाबाद
तीन दिवसांत दहा गाणी! आपल्याकडे तीन दिवसांत “हॅलो चेक, माइक चेक” संपत नाही.

सुळेभावी
आजारपणाचा विषय निघालाच आहे तर आपल्या मातीतलं एक नाव घ्यायलाच हवं. कुमार गंधर्व सुळेभावीचे, जन्म १९२४. क्षयामुळे देवासला काही वर्षं त्यांचं गाणं बंदच होतं. त्या काळात माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली आणि उठल्यावर गायकीच बदललेली होती. आवाज लहान तुकड्यांत, श्वास जपून. मर्डॉकचा दबका, जवळ येऊन सांगितल्यासारखा आवाजही मला त्याच जातीचा वाटतो.

मलप्रभा
@सुळेभावी, माळव्याचा भाग मान्य. आवाजाचा नाही. कुमारजींनी मर्यादेतून नवीन तंत्र उभं केलं. मर्डॉक हळू गातो कारण गाण्याचे शब्द तसे आहेत, आणि माइक जवळ आहे.

चिकोडीवाली
“पुढचं सगळं कमी जिवंत” हे मला अजिबात पटत नाही. २००३ चा ‘डिअर कॅटस्ट्रॉफी वेट्रेस’ नीट ऐका. निर्माता ट्रेव्हर हॉर्न, म्हणजे बगल्समधला आणि ऐंशीच्या दशकातल्या भपकेबाज पॉपचा माणूस. लोकांनी आधीच नाकं मुरडली होती. प्रत्यक्षात त्याने काय केलं? प्रत्येक वाद्याला त्याची जागा दिली. व्हायोलिन आणि ट्रंपेट आता एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. अल्बम मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत गेला. त्यानंतर २००६ चा ‘द लाइफ पर्सूट’ लॉस एंजेलिसला टोनी हॉफरबरोबर झाला. त्यातले ड्रम्स आणि बेस ऐकून पहिल्या दोन अल्बमांकडे परत गेलात की तिथले ड्रम्स पुठ्ठ्याचे वाटतात.

आणि सिनिस्टरचा आवाज खुद्द बँडलाच पुरता आवडला नव्हता. म्हणून तर २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकनला अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत पुन्हा वाजवून ते रेकॉर्डिंग बाहेर काढलं.

तिसरं_गेट
बार्बिकनचं वादन सरस आहे हे कबूल. तरी लोक मूळचंच लावतात की.

चिकोडीवाली
लोक जे आधी ऐकतात तेच लावतात ओ. त्याचा माइकशी काही संबंध नाही.

वायर_गुंडाळ्या
मूळ प्रश्नाकडे येतो. हॉलमध्ये जमेल, खरं सगळ्यांनी एकत्र वाजवायचं हे अर्धंच जमेल. का ते सांगतो.

ड्रम्स आणि हार्मोनियम एकाच हॉलमध्ये, एकाच वेळी, हे विसरा. हार्मोनियमसमोर माइक ठेवला की त्यात हार्मोनियमपेक्षा झांजाच जास्त येणार. व्हायोलिनचंही तेच. म्हणून पहिल्या दिवशी ड्रम्स, बेस, गिटार, कीबोर्ड आणि कच्चा आवाज एवढंच एकत्र घ्या. हार्मोनियम, व्हायोलिन, ट्रंपेट आणि पक्का आवाज दुसऱ्या दिवशी त्यावर चढवा.

आठ इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) भाड्याने घ्या. वाटणी अशी: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) १, स्नेअर (मधला खणखणीत ड्रम) १, ड्रम्सच्या डोक्यावर २, बेस थेट डीआय बॉक्समधून (माइकशिवाय वाद्य जोडणारी डबी) १, गिटार अ‍ॅम्प १, कीबोर्ड १ (मोनो), कच्चा आवाज १. झाले आठ. डोक्यावरचे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. सुतळी घ्या, एक टोक स्नेअरवर धरा, दुसरं टोक एका माइकपर्यंत ताणून गाठ मारा आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला लावून बघा. आवाज १ मीटर जायला जवळपास २.९ मिलिसेकंद घेतो. एक माइक फूटभर लांब राहिला तरी स्नेअर एका बाजूला सरकतो, आणि दोन्ही ट्रॅक मोनोत एकत्र केले की पोकळ होतो.

गिटारचा अ‍ॅम्प शेजारच्या खोलीत ढकला. गिटार ते अ‍ॅम्प केबल २० फुटांच्या आत ठेवा. त्याहून लांब झाली की वरचे सूर मरतात. म्हणून अ‍ॅम्प दाराच्या पलीकडे लगेचच. माइकची एक्सएलआर केबल कितीही फिरवा, तिला काही होत नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वात मोठा आवाज उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन. २४ बिटला आवाज हळू आला तर वाढवता येतो, फाटला तर शिवता येत नाही.

कुंदा_जिंदाबाद
“माइकची केबल कितीही फिरवा” असं वायर_गुंडाळ्या म्हणतो म्हणजे विश्वास ठेवायलाच हवा.

खानापूर_घाट
हॉल निवडताना टाळी वाजवून बघा. मागोमाग ‘टर्रर्र’ असा आवाज आला तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. आपल्याकडचे बहुतेक हॉल असेच: चार सरळ भिंती, शहाबादी फरशी, वर पत्रा.

इथे सगळ्यांची एकच चूक होते. मंडपवाल्याकडून सतरंज्या आणून भिंतींवर ताणतात. पातळ कापड फक्त वरचे सूर खातं. बेस आणि किकचा घुमार तसाच राहतो. परिणाम काय, तर हॉल आधीपेक्षा गढूळ वाटतो. कापसाच्या जाड गाद्या लागतात, ३-४ इंची. त्याही भिंतीला चिकटवून नकोत, वीतभर पुढे दोरीवर किंवा बांबूवर टांगा. मागे हवा राहिली की जरा खालचे सूरही शोषले जातात. कोपऱ्यांत उभ्या गाद्या, दोन-दोन एकावर एक. समोरासमोरच्या भिंतींपैकी एकच झाका. दोन्ही झाकल्या तर ज्या हॉलसाठी भाडं भरलं तोच ऐकू येणार नाही.

पावसाळ्यात नाव काढू नका. जून ते सप्टेंबर पत्र्याखाली ट्रॅकभर पाऊसच.

तिसरं_गेट
ग्लासगोत पण पाऊस असतोच की!

खानापूर_घाट
चर्चला दगडी भिंती असतात मर्दा, पत्रा नाही.

निपाणी_मेल
विजेचं कुणीच बोललं नाही. लाइट गेली की बहुतेक हॉलमध्ये इन्व्हर्टर चालू होतो आणि स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो. गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये तो ‘घर्रर्र’ लगेच ऐकू येतो. साइन वेव्ह यूपीएस मागा, नाहीतर लाइट गेली की थांबा. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर चालणारा असेल तर उत्तम. अ‍ॅम्प, कीबोर्ड, इंटरफेस, सगळ्यांना एकाच बोर्डवरून वीज द्या. वेगवेगळ्या खोल्यांतल्या सॉकेटवरून दिलीत तर अर्थचे दोन रस्ते तयार होतात आणि ५० हर्ट्झची गुणगुण सुरू होते. ती घालवायला प्लगची अर्थपिन काढणारे महाभाग आहेत. तसं करू नका. ओठ माइकला लागतात आणि हात गिटारच्या तारांवर असतात, झटका थेट बसेल. डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ची कळ असते ती वापरा.

पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइट बंद. घाम येईल, येऊ दे.

मलप्रभा
वेळेचाही विचार करा. लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, म्हणजे कागदावर तरी शांतता. बेस-ड्रम्स दिवसा घ्या, त्यांना बाहेरचा आवाज फारसा बाधत नाही. व्हायोलिन, हार्मोनियम आणि गाणं रात्री ११ नंतर.

कुंदा_जिंदाबाद
आणि गल्लीतली कुत्री? ती कोरसला.

पांढरी_चार
हार्मोनियमवर सविस्तर लिहायला हवं, कारण चारही गाणी तिथेच बिघडतील.

हार्मोनियम ऐनवेळी लावता येत नाही. गिटार, बेस, व्हायोलिन लावता येतात. म्हणून सगळ्यांनी हार्मोनियमकडे जायचं, हार्मोनियमने कुणाकडे नाही. आधी ट्यूनर अ‍ॅपवर मधल्या सप्तकाचा पांढरी सहा (पाश्चात्त्य ए) तपासा. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झला असतीलच असं नाही. समजा ४४६ निघाला, तर तो २३ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) चढा आहे. गिटार-बेस त्या ४४६ ला लावा, कीबोर्डच्या मास्टर ट्यूनिंगमध्ये तोच आकडा टाका. हे पहिल्या दिवशी, ड्रम्सच्या आधी व्हायला हवं. पहिल्या दिवशी सगळं ४४० ला वाजवून दुसऱ्या दिवशी पेटी आणलीत तर काहीही करता येणार नाही.

भाता जोरात मारला की काही सूर किंचित उतरतात. म्हणून ट्यूनरवर तपासताना गाण्यात जेवढा भाता मारणार तेवढाच मारा. एखाद-दुसरा सूर बेसूर असेल तर त्याची रीड (आतली पितळी जीभ) घासून घ्यावी लागेल, त्याला मिरजेला जाणं बरं. भात्याचा ‘फस्स’ आणि पट्ट्यांचा ‘टकटक’ नको असेल तर माइक समोर नको. मागच्या बाजूने, दीड-दोन फुटांवर, जरा वरून.

व्हायोलिनवाला शास्त्रीयवाला असेल तर त्याच्या तारा सा-प-सा-प अशा लावलेल्या असतील, पाश्चात्त्य जी-डी-ए-ई नाही. त्याला स्वरलिपी देऊन उपयोग नाही, आणि “कॉर्ड ए मायनर आहे” म्हणून तर अजिबात नाही. त्याचा सा कुठला ते विचारा, ओळ गाऊन दाखवा. दोन मिनिटांत बसवेल.

चिकोडीवाली
@पांढरी_चार, सोन्यासारखी पोस्ट. ट्रंपेटचं पण सांगा ना. बेल अँड सेबॅस्टियनमध्ये मिक कूकचा ट्रंपेट काढला तर निम्मी गाणी उघडी पडतात.

पांढरी_चार
ट्रंपेट साधारण बी फ्लॅटचा असतो. त्याच्या कागदावर ‘सी’ लिहिलं की बाहेर बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच वाजते. गिटारवाले गाणी ए आणि ई मध्ये बांधतात कारण उघड्या तारा मिळतात. ए मधलं गाणं ट्रंपेटवाल्याला बी मध्ये वाजवावं लागतं, पाच तीव्र सुरांत. चुका होणारच. गाणं काळी पाच किंवा पांढरी चारमध्ये न्या, तो खूश. गिटारवाल्याने कॅपो (सगळ्या तारा एका घरात दाबणारा चिमटा) लावावा: ए च्या आकारांनी पहिल्या घरात कॅपो लावला की काळी पाच, ई च्या आकारांनी लावला की पांढरी चार. वाद मिटला.

एवढं लक्षात ठेवा की ट्रंपेट गरम झाला की सूर चढतो. पाच-दहा मिनिटं फुंकून मग ट्यून करा, आणि पेटी ४४६ ची असेल तर त्याला स्लाइड आत घ्यावी लागेल. ४५० ची असेल तर स्लाइड पुरेलच असं नाही, तेव्हा पेटी बदला. माइक घंटेच्या तोंडासमोर नको, ४ फूट लांब आणि जरा बाजूला. कंडेन्सर माइक जवळ लावला तर आवाज फाटतो.

निपाणी_मेल
इथे सीमाप्रश्न सुटेल, खरं पेटी आणि ट्रंपेट एका सुरात येणार नाहीत.

तिसरं_गेट
क्लिक (कानात वाजणारा तालाचा ठोका) लावायचा की नाही? पहिल्या दोन अल्बमांत गाण्याचा वेग शेवटाकडे वाढतो, मला तेच आवडतं.

वायर_गुंडाळ्या
वेग वाढू दे, क्लिक नको. दोन अटी. सुरुवातीचे चार ठोके स्टिकने वाजवा आणि फाइलमध्ये ठेवा, कापू नका. दुसऱ्या दिवशी व्हायोलिनवाल्याला पहिल्या सुराला शिरायचं तर त्याला तेवढाच आधार असतो. गाण्यात मध्ये सगळे थांबत असतील तर तिथेही ड्रमरने हाय-हॅट हळूच मोजत राहावं, नंतर ती पुसता येते. दुसरी अट, एका टेकचं पहिलं कडवं आणि दुसऱ्या टेकचं दुसरं जोडायची आशा सोडा. वेग जुळणार नाही.

मागोमाग तीन टेक घ्या, मग खाली बसून ऐका. प्रत्येक टेकनंतर ऐकत बसलात तर संध्याकाळ कधी झाली कळत नाही. आणि हॉल सोडण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी. एकाच डिस्कवर दोन फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे.

सुळेभावी
एक कायद्याचं. चारपैकी एखादं जुन्या कवितेवर असेल तर आताच बघा. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कविता मोकळी होते. भा. रा. तांबे १९४१ साली गेले, त्यांचे शब्द घ्यायला कुणाला विचारावं लागत नाही. मात्र त्या कवितेला नंतर कुणी लावलेली प्रसिद्ध चाल मोकळी असेलच असं नाही, तिचे हक्क चाल लावणाऱ्याचे वेगळे. शब्द जुने घ्या, चाल स्वतःची लावा. दुसऱ्याचं गाणं सरळ कव्हर करायचं तर कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी आहे. मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं झालेली हवीत, आगाऊ सूचना आणि किमान ५०,००० प्रतींचं मानधन भरावं लागतं. त्यापेक्षा हक्कधारकाला विचारून लेखी परवानगी मिळवणं छोट्या गटाला परवडतं.

आणि कुणाचा शब्द, कुणाची चाल, टक्के किती, हे रेकॉर्डिंगच्या आधी एका कागदावर लिहून सहा सह्या. आयपीआरएसमध्ये (गाण्यांचं मानधन गोळा करणारी संस्था) गीतकार आणि संगीतकार म्हणून सभासद व्हायचं तर हे टक्के लागतातच. व्हायोलिनवाल्याने ऐनवेळी सुचवलेली ओळ हा ‘चालीचा भाग’ की ‘वादन’, यावर बँड फुटतात.

मलप्रभा
बेल अँड सेबॅस्टियन तरी कुठे एकसंध राहिला? बेसवाला स्टुअर्ट डेव्हिड २००० मध्ये गेला, चेलोवाली इझोबेल कॅम्पबेल २००२ मध्ये दौरा चालू असतानाच, मिक कूक २०१३ मध्ये. तरी २०२२ आणि २०२३ मध्ये लागोपाठ दोन अल्बम आले.

चार गाण्यांवरून आठवलं. १९९७ मध्ये या बँडने एकही अल्बम काढला नाही, तीन ईपी (चार-पाच गाण्यांच्या छोट्या तबकड्या) काढले, आणि त्यातली बहुतेक गाणी अल्बमांत नाहीत. नंतर २००५ मध्ये असे सात ईपी ‘पुश बारमन टू ओपन ओल्ड वूंड्स’ मध्ये एकत्र केले, २५ गाणी. @तिसरं_गेट, दोनच अल्बम खरे म्हणताना हे ऐकलेत काय? पहिल्या दोन अल्बमांच्या तोडीचं सगळं यात आहे. नव्या माणसाने तर इथूनच सुरुवात करावी.

तिसरं_गेट
ईपी सुटे ऐकले होते, मी ते अल्बमांत मोजत नाही. बरं, माझं वाक्य “१९९७ पर्यंतचं खरं” असं करा.

चिकोडीवाली
आणखी दोन पानं धागा चालला तर २००६ पर्यंत आणू.

वायर_गुंडाळ्या
शेवटी एकदा मिक्सबद्दल. मास्टरचा सर्वोच्च बिंदू उणे १ डेसिबल ट्रू पीक ठेवा. फार चेपू नका, स्पॉटिफाय नाहीतरी उणे १४ लफ्सच्या (सरासरी जोराचं माप) आसपास आणून ठेवतं. जोरात केलेलं तिथे हळू होतं आणि वर चपटं लागतं. वितरकाकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) चढवताना गाण्याची भाषा प्रत्येक गाण्याला वेगळी भरा, मराठीला मराठी, कन्नडला कन्नड. गटाचं नाव आधी शोधून बघा. त्याच नावाचा दुसरा कुणी असेल तर तुमची गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात आणि काढता काढता महिना जातो. आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख) बहुतेक वितरकच देतात. ते लिहून ठेवा, वितरक बदललात तर जुनेच द्यायचे, म्हणजे ऐकलेल्याची मोजणी शून्यावर येत नाही.

तिसरं_गेट
सगळ्यांचे आभार. डिसेंबर धरलाय, पाऊस नाही. पेटी उद्याच तपासतो. ट्रंपेटवाला मात्र पक्का नाही, आमचा माणूस पुण्याला जायचा आहे. बदली कुठे मिळेल?

निपाणी_मेल
लग्नाच्या बँड कंपन्यांत विचारा. नोटेशन वाचणारे जुने वादक तिथेच आहेत, आणि दोन तास न थांबता फुंकायचा दम त्यांच्याकडेच. खरं तुळशीची लग्नं झाली की मुहूर्त सुरू, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तारीख मिळणं कठीण.

पांढरी_चार
पंचांग बघून लग्नतिथी नसलेला दिवस धरा. १६ डिसेंबरच्या सुमाराला धनुर्मास लागतो, मग संक्रांतीपर्यंत ते मोकळेच असतात. भाग बी फ्लॅटमध्ये लिहून आठवडाभर आधी पोचवा, आणि पेटी किती हर्ट्झची निघाली तेही त्या कागदावर वरच लिहा.